कळलावी घरी कोणी लावली आहे का? (दुष्काळी भाग, उन्हाळ्यात पाणी नाही)

माणगंगा_काठ
११ जून २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. मार्च उजाडला की टँकरची वाट बघायची. घरापुढे थोडी जागा आहे, पण दरवर्षी मे महिन्यात तिथं स्मशानकळा येते. जास्वंद दोनदा लावली, दोनदा गेली. मोगऱ्याला आई भांडी विसळलेलं पाणी घालते म्हणून तो कसाबसा तग धरून आहे. पाणी मागणार नाही असं काहीतरी लावायचं डोक्यात होतं.

गेल्या आठवड्यात चुलत्यांच्या बांधावर रस्ता रुंद करायला जेसीबी आला. त्या बांधावर घाणेरीच्या जाळीत दर पावसाळ्यात कळलावी वर चढायची, लहानपणापासून बघत आलोय. उकरलेल्या मातीत तिचे कंद पडलेले दिसले. नांगराच्या फाळासारखे, दोन बोटं फाकवल्यासारखा आकार. चार उचलून आणले. एकाचं टोक आणताना मोडलं.

आता प्रश्न असे : कुंडीत लावू की जमिनीत? किती खोल? पाणी किती? आणि सगळ्यात मोठा प्रश्न : आई म्हणते, "घरात कळलावी आणलीस, आता बघ कशी भांडणं लागतात ते." बायको म्हणते, "भांडणाला कळलावी कशाला हवी?" म्हणजे सुरुवात झालेलीच आहे.

कोकण्या_दापोली
११ जून २०२३, रात्री १०:१५

आधी आईंना माझा नमस्कार सांगा. साळिंदराचा काटा आणि कळलावी, दोन्ही घरात ठेवू नये असं आमची आजीही म्हणायची. पण तीच आजी भाद्रपदात मला कुंपणावर पिटाळायची, कळलावीची फुलं आण म्हणून. आमच्याकडे गौर तेरड्याची असते आणि तिला हात कळलावीच्या फुलांचे. फूल निरखून बघा, बोटं वर केलेल्या हातासारखंच दिसतं. तेव्हा भांडणाचा नियम गौरीच्या तीन दिवसांत स्थगित असावा.

लागवडीचं मला विचारू नका. आमच्याकडे ती लावावी लागत नाही, येते.

रानवेडी
१२ जून २०२३, सकाळी ७:०५

वा, पहिलाच धागा आणि तोही कळलावीचा! जरा सविस्तर लिहिते.

आधी नाव. कळलावी म्हणजे कळ लावणारी, आणि ही कळ बाळंतपणाची. पूर्वी सुईणी अडलेल्या बाळंतिणीला हिचा कंद वाटून बाहेरून लावत, त्यावरून हे नाव पडलं. पुढे 'कळलाव्या माणूस' आणि ही वेल यांची गल्लत झाली आणि बिचारीच्या माथी भांडणं आली. संस्कृतात लांगली, कारण लांगल म्हणजे नांगर. तुम्ही कंदाला नांगराच्या फाळाची उपमा दिलीत ना, अगदी तेच. अग्निशिखा हे फुलावरून. काही भागांत खड्यानाग म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा.

ही पावसाशिवाय जगते म्हणजे निवडुंगासारखी पाणी साठवून उन्हात उभी राहत नाही. ही झोपते. जूनमध्ये कोंब, जुलै ते सप्टेंबर-ऑक्टोबर फुलं, मग शेंगा, आणि दिवाळीनंतर वरचं सगळं वाळून जातं. पुढचे सहा-सात महिने जमिनीत फक्त कंद. तुमचा सगळा टँकरचा हंगाम ती झोपेत काढते. म्हणून तुमच्यासाठी अगदी योग्य आहे.

लावताना कंद आडवा ठेवा, वर दोन-तीन इंच माती. त्या दोन फाट्यांच्या टोकाशी डोळा असतो, तो फार नाजूक. डोळा मोडला तर ते टोक गेलं, कंदावर बटाट्यासारखे दुसरे डोळे नसतात. तुमच्या मोडक्या कंदाचं दुसरं टोक शाबूत असेल तर तेवढ्यावर तो येईल. माती निचऱ्याची हवी. चिकट काळी असेल तर निम्मा मुरूम मिसळा. खत म्हणजे कुजलेलं शेणखत मूठभर, बास. वर चढायला काठ्या-झुडूप काहीतरी द्या. हिला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच वळून पकड घेतं, त्यामुळे गुळगुळीत जाड लोखंडी पाइप तिच्या कामाचा नाही. तुरीच्या काटक्या उत्तम.

आणि हो, तुम्ही जेसीबीखालून वाचवले हे ठीक. पण हे वाचून कोणी रानात कुदळ घेऊन जाऊ नका. एक कंद उपटला की ती वेल त्या जागेवरून गेलीच. बी गोळा करा.

फटकळ
१२ जून २०२३, सकाळी ११:३०

एवढा उपद्व्याप कशाला? कोरांटी लावा. आपल्याच मातीतली, काटेरी, शेळी तोंड लावत नाही, वर्षभर हिरवी, पिवळी फुलं, आणि विष नाही. कळलावी सहा-सात महिने दिसणारच नाही. रिकाम्या कुंडीकडे बघत बसायचा छंद असेल तर गोष्ट वेगळी.

रानवेडी
१२ जून २०२३, दुपारी १:१०

फटकळ, कोरांटीला माझं पूर्ण अनुमोदन. दोन्ही लावता येतात. धागा कळलावीचा आहे म्हणून तिच्यावर लिहिलं.

स्टेथो
१२ जून २०२३, रात्री ११:५०

'विष' हा शब्द आला म्हणून लिहितो. रात्रपाळीला आहे, थोडक्यात.

कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं विष असतं, सर्वांत जास्त कंदात आणि बियांत. खाल्ल्यावर पहिले काही तास काहीच होत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. मग पटकी झाल्यासारखे उलट्या-जुलाब. ते थांबले म्हणजे सुटलो असं वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड, रक्तपेशी, हृदय असं एकेक कोसळत जातं. जे वाचतात त्यांचे केस पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गळतात. नेहमीच्या वापरातला उतारा नाही. रताळं किंवा रानकंद समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत, आपल्याकडे आणि श्रीलंकेतही.

नुसतं फूल हाताळून काही होत नाही. कंद आणि बिया हाताळताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. कंद स्वयंपाकघरात वाळत घालू नका. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे 'कुणीतरी बटाट्याशेजारी ठेवलं होतं'. आणि बाळंतिणीवरचा तो जुना उपाय कोणी करून बघू नका. वर रानवेडींनी इतिहास म्हणून सांगितलाय, कृती म्हणून नाही.

वैद्य_बटवा
१३ जून २०२३, सकाळी ६:४५

स्टेथोंशी सहमत. आयुर्वेदात लांगली उपविषांत गणली आहे आणि गोमूत्रात शोधन (शुद्धी) केल्याशिवाय वापरत नाहीत. ते काम शिकलेल्या माणसाचं. घरच्या घरी विंचवाला लेप, सापाला लेप असले प्रकार नकोत, त्यात दवाखान्यात पोचायची वेळ जाते.

माणगंगा_काठ
१८ जून २०२३, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. तीन कंद जमिनीत लावले, घायपाताच्या कुंपणालगत, मुरमाड जागा आहे. एक चांगला जाड कंद बारा इंची कुंडीत, डोळ्यासमोर राहावा म्हणून ओट्याजवळ. शेळ्या मोकळ्या सुटतात, कुंपणापलीकडून तोंड पोचणार नाही याची खात्री केली. धाकटी चार वर्षांची आहे, तिला "हात लावलास तर केस गळतील" असं सांगितलं. ती आता लांबून नमस्कार करते.

पाऊस मात्र नाही.

माणगंगा_काठ
२ सप्टेंबर २०२३, दुपारी ४:००

धागा वर काढतोय. ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. शंभर वर्षांत असा ऑगस्ट नव्हता असं बातम्यांत म्हणतात, आणि आमच्या तालुक्याला एरवीच वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस. बाजरी करपली.

कळलावी : जमिनीतल्या तिन्ही उगवल्या, गुडघाभर. मोडक्या टोकाचीही, रानवेडींचं बरोबर निघालं. खालची पानं पिवळी पडलीत पण शेंडा हिरवा आहे. पाणी एकदाही दिलेलं नाही. कुंडीतलीला चार-पाच दिवसांनी एक तांब्या देतो, ती कमरेएवढी झाली आणि चार फुलं आली! कळी हिरवट, मग पिवळी, मग टोकाकडून लाल होत होत पूर्ण शेंदरी. एकच फूल आठवडाभर रोज वेगळं दिसतं. आईने बघितलं, काही बोलली नाही.

अजून एक : पानांवर काळ्या अळ्या, पांढरे ठिपके आणि नारिंगी पट्टे. दोन दिवसांत निम्मी पानं फस्त. काय मारू?

रानवेडी
२ सप्टेंबर २०२३, सायंकाळी ६:३०

मारू नका लगेच! ती लिलीच्या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसे, म्हणजे नावातच कळलावी आहे. एवढं विषारी पान ती आरामात खाते, आणि 'मला खाऊ नका' हे पक्ष्यांना कळावं म्हणून असे भडक रंग अंगावर घेऊन फिरते. तुमच्याकडे नागदवणा किंवा पावसाळी लिली असेल तर तिथेही येते. हाताने वेचा (हातमोजे!), काही त्या तीनपैकी एका वेलीवर सोडा. फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. पण कुंडीतल्या वेलीची पानं जपा. कारण जुना कंद दरवर्षी आटून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. यंदाची पानं जेवढी, तेवढा पुढच्या वर्षीचा कंद.

गच्ची_ठाणे
३ सप्टेंबर २०२३, सकाळी १०:००

मला पण हवी!! ठाण्यात फ्लॅट, पश्चिमेची गच्ची, चार तास ऊन. दोन मांजरं आहेत, चालेल ना?

स्टेथो
३ सप्टेंबर २०२३, सकाळी १०:२०

मांजर असेल तर नाही. मांजरांनाही विषच आहे आणि मांजर कुंडी उकरतं.

फटकळ
३ सप्टेंबर २०२३, सकाळी १०:२५

कोरांटी.

माणगंगा_काठ
१७ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:००

वाईट बातमी. डिसेंबरात कुंडीतली वेल वाळली. कंद केवढा झालाय बघावं म्हणून आज कुंडी उपडी केली. लगदा. घाण वास. जाड कंद होता तो पूर्ण सडलाय, फक्त एका फाट्याचं टोक टणक राहिलंय, करंगळीएवढं.

मी तर वेल वाळल्यावर पाणी पूर्ण बंद केलं होतं. माती ओली कशी हेच कळेना. जमिनीतल्यांचं काय झालं असेल देव जाणे.

कोकण्या_दापोली
१७ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:२०

दहिवडीत फेब्रुवारीत माती ओली? मंडळी, याचा शोध पोलिसांनी घ्यावा.

रानवेडी
१७ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:४५

फार वाईट वाटलं. झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे सडणं ठरलेलं. मुळं नसतात, पाणी घेणार कोण? कुंडीत तर निचरा आणखी मंद. जमिनीतले बहुतेक ठीक असतील, तिथं पाणी पोचलंच नाही. उकरून बघू नका.

टणक टोक स्वच्छ करा, सडका भाग कापून राख लावा, दोन दिवस सावलीत कोरडं होऊ द्या आणि कोरड्या वाळूत ठेवून द्या. जूनमध्ये लावा. डोळा जिवंत असेल तर येईल, पण एवढ्याशा कंदाला यंदा फूल धरणार नाही. नुसती पानं येतील, त्यावर समाधान माना.

यापुढे वेल वाळली की कुंडी उचलून जिन्याखाली आडवी करून ठेवा. आडवी कुंडी दिसली की कुणाचा हात पाण्याकडे जात नाही.

माणगंगा_काठ
१८ फेब्रुवारी २०२४, सकाळी ८:१०

शोध लागला. आई.

रोज सकाळी मोगऱ्याला पाणी घालून झालं की उरलेलं विसळणीचं पाणी कळलावीच्या कुंडीत. मी म्हटलं, "तुलाच ती नको होती ना?" तर म्हणाली, "नको होती म्हणून काय तहानेनं मारायची?"

यावर काय बोलणार. टँकरवर जगलेल्या बाईला कोरडी कुंडी बघवत नाही.

तिरुपूर_मुक्काम
१९ फेब्रुवारी २०२४, दुपारी २:३०

धागा आजच सापडला, एका दमात वाचला. नोकरीमुळे नऊ वर्षं तिरुपूरला आहे. इथून दक्षिणेला धारापुरम, मूलनूर, ओट्टनछत्रम हा पट्टा लागतो. तिथं कळलावीची शेती होते, एकरच्या एकर! पहिल्यांदा बघितली तेव्हा गाडी थांबवली होती. पट्टा अगदी तुमच्या माणसारखाच, कोरडा, लाल माती, वारा.

शेतकरी बियांसाठी लावतात. बी कोल्चिसिनच्या कारखान्यांना जातं, त्यातलं बरंचसं परदेशात. वातरक्तावरचं (गाउटवरचं) औषध त्यातूनच होतं. पन्नास-साठ ग्रॅमचे कंद निवडून लावतात, वेली चढवायला वाळक्या काटेरी फांद्यांचे नाहीतर तारांचे आधार. गंमत म्हणजे परागीकरण माणसं करतात. रोज सकाळी बायका ओळीने फिरतात आणि एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावतात. मी विचारलं का, तर एकीनं फूल दाखवलं : केसर सगळे बाहेर पसरलेले, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून एकीकडे गेलेली. स्वतःचे पराग स्वतःला लागू नयेत अशी सोय. फुलपाखरू येतं, पण एकरभर शेतात पुरेशी फुलपाखरं कुठून आणणार?

तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे, सेंगांदळ म्हणतात. शेतकरी मात्र 'कण्वलि किळंगु' म्हणतात. कण् म्हणजे डोळा, वलि म्हणजे दुखणं, किळंगु कंद. फुलाकडे टक लावून बघितलं तर डोळे येतात अशी समजूत. आपल्याकडे पोटात कळ, यांच्याकडे डोळ्यात. एवढ्या सुंदर फुलाला दोन्ही भाषांनी दुखण्याचंच नाव दिलं.

भावाचं विचारू नका. एक वर्ष चढतो, सगळे लावतात, पुढच्या वर्षी पडतो. आपल्या कांद्यासारखंच.

रानवेडी
१९ फेब्रुवारी २०२४, सायंकाळी ५:००

किती छान प्रतिसाद! वाचनखूण साठवली. माणगंगा, पुढच्या वेळी शेंगा धरल्या नाहीत तर हा उपाय करून बघा. दोन वेगळ्या वेलींची फुलं घ्या, कापसाच्या काडीने पराग लावा. अवांतर : बिनबियांचं कलिंगड तयार करताना गुणसूत्रं दुप्पट करायला हेच कोल्चिसिन वापरतात.

ब्रिस्बेनकर
२० फेब्रुवारी २०२४, पहाटे ४:१५

वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. इथे क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांमध्ये हीच कळलावी तण म्हणून माजली आहे. कोणीतरी बागेत शोभेला आणली, पक्ष्यांनी लाल बिया नेल्या, झालं. रविवारी स्वयंसेवक हातमोजे घालून कंद खणून काढतात, मीही दोनदा गेलो. पहिला कंद हातात आला तेव्हा आजोळचं कुंपण आठवलं. आणि मी तो पोत्यात टाकत होतो. परदेशातल्या वाचकांनी हा धागा वाचून लावायच्या आधी आपल्याकडचे नियम बघावेत. ती आपल्या बांधावर शोभते, इथल्या नाही.

फोंडेकर_सुमन
२० फेब्रुवारी २०२४, सकाळी ९:३०

आमच्या गोव्यात चवथीला माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीत, ही फुलं बांधतात. नारळ, सुपारीचे घड, रानातली फळं यांच्या मधोमध ही लाल-पिवळी ज्योत. पूर्वी आमचे भाऊ पहाटे रानात जाऊन आणायचे, आता बाजारात वाट्यावर विकत मिळते आणि दरवर्षी लांबून लांबून आणतात म्हणे. म्हणून मी दोन वर्षांपूर्वी बी लावलं. बाळांनो, धीर धरा. बी टणक असतं, उगवायलाच दीड-दोन महिने लागले, काही तर पुढच्या पावसात उगवलं. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखं एक पान. फूल यायला तीन-चार वर्षं धरून चला.

माणगंगा_काठ
२८ जून २०२४, रात्री ८:४५

जमिनीतल्या तिन्ही उगवल्या. तिन्ही! उन्हाळाभर त्या जागेवर मी पाय सोडून काही दिलेलं नाही. एप्रिलमध्ये तर त्यावर गाडी लावायचो. मुरूम फोडून कोंब वर आलेत, भाल्यासारखे.

करंगळीएवढं टोक कुंडीत लावलंय. अजून काही नाही.

माणगंगा_काठ
११ सप्टेंबर २०२४, रात्री ९:१५

कुंडीतली आली, वीतभर, पाच-सहा पानं, फूल नाही. सांगितल्याप्रमाणे समाधान मानलं.

कुंपणावरच्या वेली घायपातावर चढून मस्त फुलल्या. सकाळी जांभळा शिंजीर येतो, फुलपाखरंही येतात. त्यांचे पंख केसरांना घासतात ते बसून बघण्यासारखं आहे. तरी खबरदारी म्हणून कापसाच्या काडीने पराग लावले. शेजारी विचारतात, गुरुजी फुलांना औषध घालताय का? मी हो म्हणतो.

गौरीला आईने विचारलं, कोकणातले लोक हात करतात म्हणालास ना? आमच्या गौरी मुखवट्याच्या, त्यांना हात असतातच. काही न बोलता दोन फुलं तोडून मुखवट्यांच्या बाजूला ठेवली. स्टेथो, नैवेद्याच्या ताटापासून लांब ठेवली आहेत आणि हात धुतले आहेत.

स्टेथो
११ सप्टेंबर २०२४, रात्री ११:३०

विसर्जनानंतर फुलं गुरांपुढे टाकू नका. बाकी उत्तम.

गच्ची_ठाणे
१६ सप्टेंबर २०२४, दुपारी १२:००

एक मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेलं. आता चालेल का?

फटकळ
१६ सप्टेंबर २०२४, दुपारी १२:०४

दुसरं आहे ना अजून? कोरांटी.

माणगंगा_काठ
३० मे २०२५, सकाळी ७:३०

यंदा उलटंच. मे महिन्यातच असा पाऊस झाला की ओढे वाहिले. मेमध्ये ओढा वाहताना मी तरी बघितला नव्हता. कुंडी जिन्याखाली आडवी होती ती परवा उभी केली, तर कोंब आधीच वाकडा बाहेर आलेला, आपला आपणच. कंद न बघता तशीच ठेवली. कुंपणावरही पाच कोंब आहेत, तिनाचे पाच! कंदाच्या दोन्ही फाट्यांना कोंब आले असणार.

एवढ्या पावसात कंद सडतील का? मुरूम आहे, पण भीती वाटते.

रानवेडी
३० मे २०२५, सकाळी १०:००

कोंब आला म्हणजे मुळं धरली, आता पाणी चालतं. भीती फक्त झोपेतल्या पाण्याची. साचून राहत नाही ना एवढं बघा. लवकर उठल्यात तर फुलंही लवकर येतील आणि वाळतीलही लवकर. ऑक्टोबरात पिवळ्या पडल्या तर घाबरून पाणी देऊ नका.

माणगंगा_काठ
१ सप्टेंबर २०२५, रात्री ९:३०

काल गौरी आल्या. कुंडीतल्या वेलीला सात फुलं. करंगळीएवढ्या तुकड्याला दीड वर्षात सात. धाकटी आता सहा वर्षांची आहे, मैत्रिणींना दुरून दाखवते आणि केसांची गोष्ट सांगते. बायको म्हणते, भांडणं पूर्वीइतकीच आहेत, म्हणजे वेलीचा दोष नाही.

कोकण्या_दापोली
१ सप्टेंबर २०२५, रात्री ९:५०

फोटो दिसत नाहीये, पुन्हा चढवा. आणि आईंना सांगा, आमच्या आजीनं दिलेला नियम आता अधिकृतपणे मागे घेतला आहे.

माणगंगा_काठ
९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:००

शेंगा वाळून फुटल्या. आत शेंदरी-लाल बिया, डाळिंबाचे दाणे मांडल्यासारख्या. हातमोजे घालून काढल्या, कागदी पाकिटात भरल्या, पाकिटावर लाल पेनाने 'विष' लिहून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या. कुंपणाखालच्या तशाच सोडल्यात. चुलत्यांच्या नव्या बांधावर मूठभर टाकून आलो, रस्त्याच्या आतल्या अंगाला.

कुंडीतली वेल गेल्या आठवड्यात वाळली. मी शाळेतून येईपर्यंत आईने कुंडी स्वतःच जिन्याखाली नेऊन आडवी केली होती. वर खडूने लिहिलंय, 'निजली आहे. पाणी घालू नये.'

बी हवं असलेल्यांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पत्ता टाका, प्रत्येकी दहा बिया. घरात लहान मूल असेल तर कुठे लावणार ते आधी सांगा. फोंड्याच्या सुमनताईंना पहिलं पाकीट. ठाण्याला दुसरं मांजर असेपर्यंत नाही, त्यांना फटकळ कोरांटीची फांदी पाठवतील.